काळजी घेणे आणि काळजी करणे: एका आंबा बागायतदाराचे प्रकरण

राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावातले आंबा बागायतदार जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पत्नीसह माझ्याकडे समुपदेशनासाठी आले, तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत दोन वर्षांत काढलेले तीन ईसीजी, रक्ततपासणीचे अहवाल आणि आम्लपित्तावरच्या गोळ्यांची अर्धवट संपलेली पाकिटे होती. वय ४६. स्वतःची दीडशे कलमे आणि कराराने घेतलेली आणखी दीडशे. घरात पत्नी, वृद्ध आई आणि बारावीत शिकणारा मुलगा. मुलगी पुण्यात नर्सिंगला. या लेखात मी त्यांना भाऊ म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि उरलेले लिहिण्यास त्यांची संमती आहे.

तक्रार त्यांनी शरीराच्या भाषेत मांडली. रात्री अडीचच्या सुमारास जाग येते, छातीत धडधडते, मान आणि खांदे दगडासारखे होतात, तोंड कोरडे पडते आणि पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. दिवसा चिडचिड होते. मुलाने दोनदा हाक मारली तरी अंगावर ओरडतात. फवारणीचा हिशेब लिहिताना आकडा चुकतो. ज्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले, त्यांनी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि हृदय हे सारे तपासले होते व काहीही सापडले नव्हते. हा क्रम योग्यच आहे. थायरॉइडचा स्राव वाढला तर हुबेहूब अशीच धडधड होते, आणि छातीत दुखून घाम फुटत असेल, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल तर ते मनाचे आहे असे घरच्या घरी ठरवणे जिवावर बेतू शकते. आधी शरीर तपासायचे, मग मनाकडे वळायचे.

तपासण्या निर्दोष निघाल्यावर मात्र भाऊंना प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य ऐकायला मिळाले होते: ‘काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका.’ हे वाक्य सद्भावनेने उच्चारले जाते, पण ऐकणाऱ्यावर त्याचा उलटा परिणाम होतो. जो माणूस रात्ररात्र जागा आहे, त्याला ‘काही झालेले नाही’ असे सांगितले की आपले म्हणणे खोटे ठरवले गेले असे वाटते, आणि ‘घेऊ नका’ म्हटले की ते न घेणे आपल्या हातात असूनही आपण घेतो आहोत असा आणखी एक दोष पदरी पडतो. भाऊ म्हणाले, “मॅडम, मी काय हौसेने घेतो काय?” या प्रश्नापासूनच आमच्या कामाला सुरुवात झाली.

भाऊंची काळजी निराधार नव्हती, आणि ही गोष्ट मी त्यांना पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगितली. हापूसच्या बागेत नोव्हेंबरपासून मेपर्यंत जे काही घडते ते बरेचसे आभाळावर अवलंबून असते. थंडी वेळेवर पडली नाही तर मोहोर लांबतो. मळभ आले की तुडतुडे वाढतात. अवेळी पाऊस झाला की करपा हा बुरशीचा रोग येतो आणि कणी, म्हणजे नुकतीच धरलेली बारीक फळे, गळून जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या बागांत काढणीला आलेला आंबा झाडाखाली पडला होता. भाऊंच्या बागेतही एका रात्रीत सडा पडला, त्यांची पाच जुनी कलमे मुळासकट उपटली गेली, आणि त्या हंगामासाठी व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल फेडायला पुढची दोन वर्षे लागली. ज्याने हे पाहिले आहे त्याला ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगणे हा त्याच्या अनुभवाचा अपमान आहे. त्यामुळे त्यांची भीती खरी की खोटी हे ठरवण्याच्या मी फंदात पडले नाही. भीती वाटल्यावर ते काय करतात आणि त्याने काय होते, एवढेच आम्ही तपासायचे ठरवले.

त्यासाठी मी त्यांना एकाच दिवसाचे इत्थंभूत वर्णन करायला सांगितले. त्यांनी आदल्या बुधवारचा दिवस निवडला. सकाळी पडवीत उभे असताना खाडीच्या अंगाला मळभ दिसले. मनात आले, ‘यंदाही गेलं.’ लगेच पोटात गोळा आला. मोबाइल काढून हवामानाचे एक ॲप पाहिले. त्यात पाऊस नव्हता, बरे वाटले. पाच मिनिटांनी शंका आली म्हणून दुसरे ॲप पाहिले. त्यात शुक्रवारी थेंब दाखवले होते. तिसरे पाहिले. मग बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटात विचारले, तिथे कोणीतरी जुन्या वादळाचा व्हिडिओ टाकला. वाशीच्या व्यापाऱ्याला फोन केला. पत्नीला विचारले, “काय वाटतं तुला, येईल काय पाऊस?” ती म्हणाली, “नाही हो येणार.” दहा मिनिटे शांत गेली. दुपारपर्यंत त्यांनी पत्नीला हाच प्रश्न सहा वेळा विचारला आणि मोबाइल किती वेळा पाहिला याची मोजदाद त्यांना करता आली नाही. रात्री अडीचला उठून बॅटरी घेऊन ते बागेत गेले, चार-पाच कलमांच्या मोहोरावर प्रकाश टाकून पाहिले आणि परत आले. बागेत राखणीला माणूस असूनही हा फेरा डिसेंबरपासून जवळजवळ रोज होत होता.

हे सारे कागदावर लिहिल्यावर एक गोष्ट त्यांना स्वतःलाच दिसली. प्रत्येक वेळी तपासल्यावर सुटकेची भावना येत होती आणि प्रत्येक वेळी ती अधिक लवकर विरत होती. मेंदू या सुटकेतून चुकीचा धडा घेतो: तपासले म्हणून संकट टळले, तेव्हा पुढच्या वेळीही तपासायलाच हवे. अशा रीतीने जी कृती काळजी कमी करण्यासाठी सुरू झाली तीच काळजीला खतपाणी घालू लागते. मळभ दोन दिवसांत सरते. तपासण्याची सवय मात्र हंगामभर राहते.

धडधडीचे कारणही मी त्यांना सविस्तर सांगितले, कारण धडधड कशाने होते हे कळले नाही तर तिचीच वेगळी भीती बसते. धोका जाणवला की मेंदू शरीराला लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज करतो. ॲड्रेनलिन स्रवते, हृदय जोरात चालते, स्नायू ताठ होतात, पचन मंदावते. पायापाशी साप दिसला तर हीच सज्जता जीव वाचवते. पण ज्या धोक्यापासून पळताही येत नाही आणि ज्याच्याशी लढताही येत नाही, म्हणजे शुक्रवारी कदाचित येणारा पाऊस, त्याच्यासाठी शरीर रात्रभर सज्ज राहिले तर सकाळी मान आखडते, पोट बिघडते आणि अंगात काम करण्याचे त्राण उरत नाही. भर म्हणून भाऊ दिवसाला सात-आठ वेळा चहा घेत होते. चहातल्या कॅफीनचा निम्मा अंश शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळच्या शेवटच्या दोन कपांचा वाटा त्यांच्या जागरणात निश्चित होता.

चिंतेचे मोजमाप करण्यासाठी जगभर वापरली जाणारी, २००६ साली प्रसिद्ध झालेली सात प्रश्नांची जीएडी-७ नावाची प्रश्नावली मी भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांतील त्रासाला प्रत्येक प्रश्नास शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. एकूण २१ पैकी पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम आणि पंधरापासून तीव्र चिंता समजली जाते. भाऊंचे गुण १४ आले. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. सर्वव्यापी चिंताविकार म्हणण्यासाठी निदान सहा महिने, बहुतेक दिवस, अनेक विषयांवरची आवरता न येणारी काळजी असावी लागते, आणि भाऊंचा त्रास पावसाळ्यात जवळजवळ नाहीसा होत असे. म्हणून डॉक्टरांनी आणि मी आजाराचे नाव देण्याची घाई केली नाही. औषधाबाबत डॉक्टरांनी त्यांच्याशी नीट चर्चा केली: चिंतेवर नेहमी दिली जाणारी औषधे परिणाम दाखवायला काही आठवडे घेतात, ती सुरू करण्यात कमीपणा काही नाही, पण सहा आठवडे आधी हे काम करून पाहू आणि फरक पडला नाही तर सुरू करू. भाऊ अधूनमधून झोपेसाठी शेजाऱ्याकडची अल्प्राझोलामची अर्धी गोळी घेत होते, ती मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केली. या गोळीने त्या रात्रीपुरते बरे वाटते. पण तिची सवय लागते, आणि दुसऱ्याच्या डब्यातून ती कधीच घेऊ नये.

दोन प्रश्न मी प्रत्येक बागायतदाराला विचारते आणि भाऊंनाही विचारले. जीव नकोसा होतो का, आणि कीटकनाशके कुठे ठेवता. असे विचारल्याने मनात नसलेला विचार शिरतो हा गैरसमज आहे. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. भाऊंच्या मनात तसे काही नव्हते, पण औषधे मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, उघड्यावर होती. त्याच आठवड्यात मांगराला कुलूप लागले आणि किल्ली पत्नीकडे गेली.

दुसऱ्या भेटीत भाऊंच्या पत्नी, म्हणजे वहिनी, जे बोलल्या त्याने पुढच्या साऱ्या कामाला दिशा मिळाली. त्या म्हणाल्या, “ह्यांचे वडील पण काळजी घ्यायचे बागेची. पण हे काळजी करतात.” मराठीतले हे दोन शब्दप्रयोग आपण दिवसभर वापरतो आणि त्यांतले अंतर क्वचितच लक्षात घेतो. काळजी घेणे हे हातापायांचे काम आहे, त्याला सुरुवात आणि शेवट असतो. काळजी करणे हे केवळ मनात चालते आणि त्याला शेवट नसतो. भाऊंची अडचण अशी होती की दुसऱ्यालाच ते पहिले समजत होते. रात्री बॅटरी घेऊन फिरणे म्हणजे जबाबदारी, आणि गाढ झोपणे म्हणजे बेफिकिरी, अशी त्यांची पक्की धारणा होती. काळजी सोडली तर बाग जाईल, या भीतीने ते काळजीलाच बिलगून राहिले होते.

ही धारणा वाद घालून बदलत नाही, म्हणून ती तपासायची ठरवली. भाऊंनी फवारणीच्या वहीत मागच्या बाजूने दोन रकाने आखले. एकाला ‘घेतली’ आणि दुसऱ्याला ‘केली’ असे नाव दिले. दोन आठवडे त्यांनी प्रत्येक काळजी, तिच्यावर काय केले आणि पुढे काय झाले हे लिहिले. ३१ नोंदींपैकी सहाच ‘घेतली’च्या रकान्यात आल्या: मोहोर हलवून तुडतुडे पाहिले आणि फवारणी ठरवली, पंपाचे नोझल बदलले, व्यापाऱ्याशी पेट्यांचे बोलणे केले, अशा. या सहाही गोष्टी दिवसाउजेडी, बागेत किंवा समोरासमोर झाल्या होत्या. मोबाइलवरच्या कोणत्याही तपासण्यातून आणि रात्रीच्या कोणत्याही फेरीतून बागेत एकही काम निघाले नव्हते. हा निष्कर्ष मी काढून दिला नाही, वही उलटी-सुलटी पाहत भाऊ बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “रात्रीचा मी फुकटच गेलो की.”

यानंतर नियम ठरले. हवामान सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, दोनच वेळा आणि भारतीय हवामान खात्याच्या एकाच अंदाजावरून पाहायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला वाचायचा आणि फवारणी कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकानुसार, बागेत कीड पाहूनच करायची. एक-दोन दिवसांचा अंदाज बराच भरवशाचा असतो, पण जसजसे पुढे जावे तसतशी त्याची खात्री कमी होत जाते, तेव्हा दहा दिवसांनंतरचा पाऊस आज तासातासाला पाहण्याने हाती काहीच लागत नाही. दोन ॲप काढून टाकली, गटाचा आवाज बंद केला. पहिले चार दिवस फार कठीण गेले. हात आपोआप खिशाकडे जाई आणि न पाहिल्याने आपण मोठी चूक करतो आहोत असे वाटे. ही ऊर्मी लाटेसारखी चढते आणि काही न करता थांबल्यास ओसरते, हे सांगून समजत नाही, अनुभवावे लागते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून ती ओसरायला लागणारा वेळ कमी झाला.

काळजीसाठी त्यांनी एक वेळ राखून ठेवली: संध्याकाळी साडेपाच ते सहा, मांगराच्या ओट्यावर, वही घेऊन. काळजीला ठरावीक वेळ आणि जागा देण्याची ही पद्धत थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडली. दिवसभरात मनात जे येईल ते एका शब्दात टिपायचे, ‘साडेपाचला’ असे स्वतःला सांगायचे आणि हातातल्या कामाकडे परतायचे. काळजी दाबायची नाही, फक्त पुढे ढकलायची. दाबलेला विचार उसळी मारतो; पुढे ढकललेला बहुधा साडेपाचपर्यंत शिळा होतो. ओट्यावर बसल्यावर कित्येकदा टिपलेल्या पाचपैकी तीन शब्दांवर काय विचार करायचा हेच त्यांना आठवत नसे.

श्वसनाचा सराव सोपा होता: चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, रोज दोनदा दहा मिनिटे. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते आणि शरीराची सज्जता उतरते. इथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. धडधड सुरू होताच घाईघाईने श्वास मोजू लागलो तर तोही ॲप पाहण्यासारखाच एक तपास होतो. सराव शांत वेळी करायचा; म्हणजे शरीराला ती वाट ओळखीची होते. रात्री जाग आलीच आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून पडवीत मंद उजेडात बसायचे, मोबाइल आणि बाग दोन्ही वर्ज्य. बॅटरी राखणदाराच्या स्वाधीन केली. चहा तीन कपांवर आणला, दुपारी चारनंतर नाही.

वहिनींचे काम सर्वांत अवघड होते. नवऱ्याने केविलवाण्या चेहऱ्याने विचारल्यावर ‘नाही येणार पाऊस’ असे न म्हणणे त्यांना निष्ठुरपणाचे वाटे. आम्ही मिळून एक उत्तर ठरवले: “तुम्हाला आत्ता काळजी वाटतेय, कळतंय मला. साडेपाचला बसूया ओट्यावर, मी पण येते.” यात दिलासा होता, फक्त आभाळाबद्दलचे आश्वासन नव्हते. याच सुमारास आणखी एक गोष्ट पुढे आली. घराच्या रिवाजाप्रमाणे भाऊ वर्षातून एकदा ग्रामदेवतेला कौल लावत. या हंगामात ते तीनदा गेले होते. चौथ्यांदा गेल्यावर गुरवांनीच सांगितले, “भाऊ, देवाने एकदा उजवा कौल दिला ना? मग परत परत तेच विचारू नये.” श्रद्धेविषयी मी एक शब्दही बोलले नव्हते आणि बोलायची गरजही नव्हती, एकदा गाऱ्हाणे घालून भार देवावर सोपवणे आणि तोच प्रश्न चारदा विचारणे यांतला फरक त्या परंपरेलाच ठाऊक होता.

फेब्रुवारीच्या मध्याला गुण नऊवर आले. मग एका संध्याकाळी मुलगा दुचाकीवरून यायला तासभर उशीर झाला आणि भाऊंनी त्याला सतरा फोन केले. दुसऱ्या दिवशी ते खचून आले. सगळे मुसळ केरात गेले असे त्यांना वाटत होते. मला मात्र ही घटना उपयोगी वाटली. आंबा हा काळजीचा विषय होता, काळजीचे मूळ नव्हे. अनिश्चितता सहन न होणे हे मूळ आहे, आणि ते आज मोहोरावर, उद्या मुलावर, परवा आईच्या औषधांवर जाऊन बसते. तेव्हा मुलाच्या बाबतीतही तोच करार झाला: निघताना त्याने एक संदेश पाठवायचा, भाऊंनी ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने एकच फोन करायचा.

मार्चमध्ये खरोखरच अवेळी पाऊस झाला. दोन रात्री सरी पडल्या, सुपारीएवढ्या फळांवर करप्याचे काळे ठिपके उमटले आणि करारातल्या बागेतला मोठा भाग गळला. त्या आठवड्यातल्या भेटीला येताना भाऊंनी दोन गळलेली फळे रुमालात बांधून आणली आणि टेबलावर ठेवली. देठापाशी काळी पडलेली, हिरवी, अजून चीक सुकलेला नाही अशी ती फळे पाहून मलाही काही सुचेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. हे दुःख होते, आणि दुःखाला दुःखाचीच जागा द्यायला हवी. तिथे कोणतेही तंत्र शिकवायचे नसते. आम्ही बराच वेळ नुसते त्या नुकसानीबद्दल बोललो. नंतर त्यांनी वही उघडून दाखवली. ‘घेतली’च्या रकान्यात चार ओळी होत्या: सल्ल्याप्रमाणे बुरशीनाशक फवारले, हवामान आधारित फळपीक विम्यासाठी आपल्या महसूल मंडळाच्या नोंदींची चौकशी केली, बागमालकाशी कराराच्या रकमेबद्दल बोललो, व्यापाऱ्याला पेट्या कमी येतील असे कळवले. दुसऱ्या रकान्यात एकच ओळ होती. त्या दोन रात्री ते बागेत गेले नव्हते. पहिल्या रात्री जागे राहिले, दुसऱ्या रात्री चार तास झोपले. ज्याला ते तीन वर्षे घाबरत होते ते काही अंशी घडले होते आणि ते कोसळले नव्हते. घडण्याआधीच हजारदा घाबरून घेणाऱ्या माणसाला स्वतःबद्दलची ही माहिती कधी मिळतच नाही.

मे अखेरीस, आठव्या भेटीत, गुण पाच होते. औषधाची गरज पडली नाही. पडली असती तर तेही उपचारच ठरले असते. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत जाताना कोणी पाहील, या संकोचाने भाऊंनी वर्ष-दीड वर्ष त्रास अंगावर काढला होता. ज्यांना असा संकोच वाटतो किंवा जवळपास कोणी समुपदेशक नाही, त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊ ठरल्याप्रमाणे पुन्हा भेटीला आले. रात्रीच्या जागरणाची एकच नोंद होती, दिवाळीनंतरची. वहिनींनी सांगितले की या वर्षी करारातली बाग सोडून दिली आणि तो निर्णय त्यांनी दोघांनी मिळून ओट्यावर बसून घेतला. बाहेर त्या दिवशी मळभ होते. पुढची भेट जानेवारीत ठरवून भाऊ जरा घाईने निघाले, कारण खालच्या अंगाच्या कलमांना बोंगे फुटू लागले होते आणि अंधार पडायच्या आत त्यांना ते पाहायचे होते.